झुलेमाची मान आणि गंधकाची कांडी

झुलेमा स्काराफियाचा हात कधी चुकत नाही, असं कोर्दोबा शहरातल्या एका इस्पितळामागच्या प्रयोगशाळेत सगळे म्हणायचे. सगळ्यांच्या आधी झुलेमा स्वतः म्हणायची. आणि का म्हणू नये? तीस वर्षं बाईनं दातांच्या कवळ्या केल्या होत्या. आल्ता कोर्दोबा या वस्तीतली अर्धी म्हातारी मंडळी तिच्या दातांनी मटण खायची. तिच्या छपन्नाव्या वर्षी कवळ्यांचा कारखाना बंद पडला, तेव्हा डॉक्टर आउदिसिओ स्वतः तिच्या दारात आला.

"सिलिकॉन ओतायला चार पदवीवाले ठेवून पाहिले, दोन्या झुले. चौघांनीही बुडबुडे केले. तुम्ही या."

ती आली आणि बुडबुडे गेले. तो तिला मानानं 'दोन्या', म्हणजे बाई, म्हणायचा; ती मात्र डॉक्टरला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करायची. त्याच्या बापाची कवळी तिनंच केली होती ना!

इथे ती पट्ट्या बनवायची. कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ पट्टी: मऊ सिलिकॉनचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये सोन्याच्या नागमोडी रेघा. नागमोडी अशासाठी, की पट्टी ताणली तरी रेघ तुटायची नाही. ही पट्टी माणसाच्या नसेभोवती गुंडाळायची. पूर्वी कडक पट्ट्या असायच्या, त्या नसेला टोचायच्या. कुणी विचारलं की झुलेमा म्हणायची, "अहो, नस म्हणजे शिजलेली शेवई! तिच्याभोवती पत्रा गुंडाळाल का?"

आत्ताची पट्टी होती आन्सेल्मो तेहेदासाठी. हा गल्लीतला पाववाला. चार वर्षांपूर्वी कणीक लाटायच्या यंत्रानं त्याचा उजवा पंजा नेला. मग नकली हात मिळाला. तो सगळं धरायचा, पण त्याला कळायचं काहीच नाही. पाव गरम की गार, कणीक घट्ट की सैल, काही नाही. "हात आहे, पण मुका आहे," आन्सेल्मो म्हणायचा. पट्टी दंडातल्या नसेवर बसली की नकली बोटांवरचा दाब थेट त्याच्या डोक्यापर्यंत पोचणार होता. शुक्रवारी ब्युनोस आयर्सहून सर्जनबाई येणार होत्या. त्या पुन्हा कधी येतील, देव जाणे.

आणि नेमकी सोमवारची पट्टी बिघडली. भट्टीतून साचा काढला तर वरचा थर चिकट, काकवीसारखा बोटाला ओढ घेणारा. मंगळवारी पुन्हा तेच. डब्यात आता एकाच पट्टीपुरता माल उरला. नवीन माल दोन महिने कस्टममध्ये अडकलेला.

झुलेमाचा पारा चढला. तिनं माल पाठवणाऱ्यांचा उद्धार केला, दमट हवेला शिव्या घातल्या, मग डॉक्टरकडे मोर्चा वळवला.

"केसांना काय चोपडलंयस ते?"

"जेल."

"आधी धुऊन ये!"

बिचारा धुऊन आला.

त्यात तिची मान आखडलेली. रविवारी उघड्या खिडकीखाली झोपली होती; तेव्हापासून कपाटासारखी अख्खी वळायची. चहाच्या सुट्टीत स्वयंपाकघरात येर्बाच्या पानांचा कडू चहा फिरायचा, आणि झुलेमा एप्रनच्या खिशातून पिवळी गंधकाची कांडी काढून मानेवर लाटत बसायची. कांडी तडकली की दुखणं तिच्यात उतरलं, असं मानायचं. इथे कोर्दोबात प्रत्येकाची आई हेच करते, त्यामुळे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. सोमवारी दोन कांड्या तडकल्या, मंगळवारी तीन.

बुधवारी सकाळी डॉक्टर म्हणाला, "माझी हिंमत होत नाही. हाही माल गेला तर संपलंच. सर्जनबाईंना कळवून टाकतो."

आन्सेल्मो तिथेच होता. नेहमीसारखे खारे, गरम क्रिओजो पाव घेऊन आला होता. "चार वर्षं थांबलो, आणखी थांबेन," तो हसून म्हणाला. पण पिशवी त्यानं उचलली, परत ठेवली, पुन्हा उचलली. झुलेमाला ते बघवेना.

"कुणी थांबायचं नाही! पहिल्यापासून बघू. साचा धुतला. माल तोलला. हवा काढली. हातमोजे घातले..."

"कुठले?" डॉक्टरनं विचारलं.

"निळे, अजून कुठले? रबरी मी आल्याआल्या फेकून दिले. रबर लागलं की हे सिलिकॉन घट्ट होत नाही, कवळ्यांपासून माहीत आहे मला. रबरात गंधक..."

ती थांबली. हात आपोआप खिशावर गेला.

पहिला विचार आला तो असा: गुपचूप कांडी टाकून द्यावी, हात धुवावेत, पट्टी ओतावी. कोणाला कळतंय? तीस वर्षांचं नाव शाबूत राहील. पण मग उद्या दुसरं कुणीतरी मान आखडून येईल, खिशात कांडी घेऊन.

तिनं कांडी टेबलावर ठेवली. "डॉक्टर, माल चांगला होता. हवा चांगली होती. तुझं जेलही बिचारं निर्दोष. कांडी लाटलेल्या हातांनीच मोजे चढवत होते. घाण मी केली." तिला इतकी लाज वाटली की डोळे भरून आले.

आन्सेल्मो खो खो हसत सुटला. "दोन्या झुले, माझ्या आईनंही हेच केलं असतं!"

"हसू नकोस मेल्या, जीव जातोय माझा इथे."

मग ती इस्पितळाच्या न्हाणीत डोक्यावरून न्हाली. कपडे बदलले, एप्रन बदलला, कोपरापर्यंत पाचदा हात धुतले. साचा कोरा करकरीत घेतला. हातमोजे डॉक्टरनं घालून दिले. मान ठणकत होती, तरी वाकड्या मानेनंच तिनं शेवटचा माल ओतला. हात हलला नाही.

संध्याकाळी चिमट्यानं पट्टी उचलली. कोरडी, स्वच्छ, साच्यातून सहज सुटून आलेली. झुलेमानं दारावर कागद चिकटवला: "गंधक अंगणात." खाली ठसठशीत सही केली.

शुक्रवारी शस्त्रक्रिया झाली. तीन महिन्यांनी, अंगणात जाकारांदाच्या झाडाला जांभळा बहर आलेला असताना, झुलेमाची मान पुन्हा आखडली. ती बाकावर बसून कांडी फिरवत होती, तेवढ्यात आन्सेल्मो आला.

"द्या इकडे. आयुष्यभर कणीकच तर लाटली."

नकली बोटांत कांडी धरून तो तिच्या मानेवर फिरवू लागला. रस्त्यावरून बस भोंगा वाजवत गेली. त्याचा हात एकदम थबकला.

"तडकली," तो हळूच म्हणाला.

"एवढ्या गोंगाटात ऐकू आलं तुला?"

"ऐकू कुठलं यायला! बोटांत कळलं."

झुलेमा झटकन वळली. नकली तळव्यावर कांडीचे दोन तुकडे होते आणि आन्सेल्मो त्यांच्याकडे बघत रडत होता. मान मोकळी झाली होती, पण हे तिच्या ध्यानातही आलं नाही. तिनं खिशातून दुसरी कांडी काढून त्याच्या हातात ठेवली आणि पुन्हा पाठ करून बसली.

"अजून दुखतंय," ती म्हणाली. "कर परत."