देवाला मध्ये घालून

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक आहे. तो येतो, आदळआपट करतो आणि चहा होईपर्यंत निघूनही जातो. ताईंवरचा राग मात्र मी पोटात ठेवला, आणि तिथेच चुकलं.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. निगडीला राहतात. आमच्या चर्चमधल्या बायकांची गाणी त्याच बसवतात. आम्ही दोघी मूळच्या नगरकडच्या. लग्न होऊन मी या कंपन्यांच्या गावात आले, तेव्हा चर्चच्या पायरीवर ‘जेवलीस का गं?’ असं मला पहिल्यांदा त्यांनीच विचारलं होतं.

माझी आई गेली त्या वर्षी नाताळच्या कार्यक्रमासाठी मी एक जुनं गीत सुचवलं. आई भाकरी थापताना ते गुणगुणायची. दोनदा सरावही झाला. मग ग्रुपवर ताईंचा मेसेज आला, ‘वेळ कमी आहे, ते गीत काढलंय.’ खाली सगळ्यांचे अंगठे. मीही अंगठा दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दर गुरुवारी दुपारी आम्हा बायकांची प्रार्थना कुणाच्या तरी घरी असते. सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि जिला वाटेल तिने मोठ्याने प्रार्थना करायची. जानेवारीत माझ्या घरची पाळी होती. संत तुकाराम नगरातलं माझं घर लहान, बायका दाटीवाटीने बसलेल्या. खिडकीतून येणारं ऊन मिटल्या पापण्यांतून लालसर दिसत होतं. खाली कुणीतरी कपडे आपटत होतं, तो आवाज फार लांबून आल्यासारखा वाटत होता. त्या गुंगीतच मला माझा आवाज ऐकू आला, ‘हे प्रभू, आमच्यात ज्यांना मान मिळालाय त्यांचा गर्व मोड. दुसऱ्याचं मन जाणायला त्यांना शिकव.’

नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. सगळ्या ‘आमेन’ म्हणाल्या. त्यांत ताईंचाही आवाज होता, नेहमीसारखाच स्वच्छ.

त्या चहा न घेता गेल्या. पुढच्या गुरुवारी गुडघे दुखतात म्हणाल्या, मग रविवारीही येईनाशा झाल्या. खोटं कशाला बोलू, आधी मला बरंच वाटलं. हळूहळू मात्र त्यांची रिकामी खुर्ची डोळ्यांत खुपायला लागली. गीत सुरू झालं की वरचा सूर लावणारं कुणी नसायचं. मी वाट बघत राहायचे, आणि कडवं संपून जायचं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकर आणि प्याला घेण्याआधी पाळकसाहेब दर वेळी तेच सांगतात, ‘कुणाचं कुणाशी काही असेल तर आधी जाऊन मिटवा, मग या.’ इतक्या वर्षांत त्यासाठी उठून गेलेलं मी कुणाला पाहिलं नव्हतं. दोन महिने मी त्या वेळेला चहाचं बघायचं निमित्त करून मागे सटकले. एप्रिलमध्ये चहाचं पातेलं आधीच तयार होतं. रांग पुढे सरकू लागली, आणि मी पर्स उचलून सगळ्यांच्या देखत बाहेर पडले.

आमचं चर्च आकुर्डीला, तिथून निगडीची रिक्षा केली. रस्ता रविवारचा, सुस्त. एका कारखान्याची भिंत बाजूने सरकत राहिली, संपतच नव्हती. मधूनच वाटायचं, आपण अजून चर्चमध्येच डोळे मिटून बसलोय आणि हे सगळं आपल्याला नुसतं दिसतंय.

ताईंनी दार उघडलं. हातात गवारीच्या शेंगांचं ताट होतं.

‘आज प्रभुभोजन ना? मग इथे कशी?’

‘उठून आले.’

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. आमच्यात याचा अर्थ सांगावा लागत नाही. ‘बस,’ म्हणाल्या.

मी बसले. सवयीने म्हटलं, ‘ताई, आपण आधी प्रार्थना करू या?’ आणि डोळे मिटलेसुद्धा.

माझ्या मनगटावर त्यांचा ओला हात पडला. ‘नको. डोळे उघड. त्या दिवशी तू देवाला मध्ये घालून बोललीस. प्रार्थना मध्येच तोडून मी काय बोलणार होते गं? आज मला सांग.’

मग सांगितलं. आईचं, भाकरीचं, अंगठ्याचं. ‘तुम्हाला सगळ्यांसमोर खाली बघायला लावलं. चुकलं माझं, ताई.’

‘ते आईचं गीत होतं?’ ताईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. ‘अगं, एका शब्दाने बोलली असतीस तर! मीही विचारायला हवं होतं म्हणा. किती दिवस घालवले आपण.’ त्यांनी पदराने डोळे पुसले आणि ताट बाजूला सारलं. ‘म्हण. आत्ता म्हण ते.’

मी तोंड उघडलं. ज्या गीतासाठी मी चार महिने रागावून बसले होते, त्याची पहिली ओळच मला आठवेना.

ताईंनी ती सुरू केली.