एकाच ओळीत दोन पत्ते

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण यात चूक माझीच होती.

भूकंपानंतरची वर्षं. लातूरला क्लासेसची नुसती गर्दी उसळली होती. अशाच एका क्लासमध्ये मी सी-प्रोग्रॅमिंग शिकवायचो आणि ऑफिसचं नेटवर्कही सांभाळायचो. रविवारच्या टेस्टचे पेपर शेख मॅडम टाइप करायच्या. औशाच्या. भूकंपात नवरा गेलेला, दोन मुली, आधार एवढ्या नोकरीचा.

एकदा पेपर फुटला. कोणत्या मशीनवरून कोणत्या मशीनवर फाइल गेली, याची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम मीच लिहिला होता. नेटवर्कचे पत्ते आत बायनरीत असतात. inet_ntoa नावाचं फंक्शन त्यांचे वाचता येतील असे आकडे करून देतं. त्या पेपरची एकच नोंद होती. छापली — मशीन पाचवरून मशीन पाचवर. पाच म्हणजे शेख मॅडमचं. फाइल बाहेर गेलीच नाही, म्हणजे पेपर त्यांनीच फोडला... असा अर्थ मी लावला आणि संचालकांना सांगून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी संचालकांनी त्यांना माझ्यासमोर बोलावलं.

"मॅडम, आता मशीन खोटं बोलतंय का?"

"मशीनचं मला म्हाईत न्हाई सर. म्या न्हाई केलं. यांना म्हणावं, माझ्यासमोर पुन्हा काढा."

"काढा हो, एकदाचं समाधान होऊ द्या त्यांचं."

मी तोच प्रोग्रॅम, तीच नोंद पुन्हा चालवली. प्रिंटर करकरला. मॅडमनी कागद फाडून घेतला.

"पाच... आन् बारा. बारा कुणाचं हाय, सर?"

बारा माझं होतं. डबा खायला जाताना मी ते तसंच उघडं टाकून जायचो.

तिसऱ्यांदा चालवलं — पुन्हा पाच, पाच. तेव्हा कोडकडे नीट पाहिलं. या फंक्शनकडे लिहायला एकच पाटी असते. printf म्हणजे छापायची आज्ञा; एकाच printf मध्ये त्याला दोनदा बोलावलं की आधीचा पत्ता पुसून नवा लिहिला जातो आणि दोन्हीकडे तोच छापला जातो. हे मी पोरांना फळ्यावर शिकवायचो. आणि स्वतः तीच चूक करून एका बाईची भाकरी काढून घ्यायला निघालो होतो.

तिथेच सगळं कबूल केलं. पत्ते वेगवेगळे साठवून छापले, तेव्हा पाच आणि बाराच आले. संध्याकाळपर्यंत एका अर्धवेळ मास्तरनं माझ्या मशीनवर बसल्याचं मान्यही केलं.

मी मॅडमची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुमच्यापरीस मशीन बरं, सर. दुसऱ्यांदा इचारलं तर खरं तरी बोललं." आणि राहिलेला पेपर टाइप करायला बसल्या. त्यांच्या की-बोर्डचा तो खडखडाट ऐकून मला मोकळा श्वास आल्यासारखं वाटलं...

आता मी नांदेडला असतो. तो जुना चुकीचा कोड मी नंतर शेकडो वेळा चालवून पाहिला. प्रत्येक वेळी एकच पत्ता दोनदा येतो. दुसरं काही येऊच शकत नाही. त्या दुपारी ते दोन पत्ते कसे उमटले, मला माहीत नाही. उमटले, एवढ्यावरच मी शांत झोपतो.