दादानं वाचलेला कागद

गावाबाहेर माळावर, ई-क्लासच्या सरकारी जमिनीत, माय तीन एकर वाहत होती. बाबांनी तिथले दगड वेचले होते. ते गेल्यावर तिनं तूर पेरणं सोडलं नाही. अतिक्रमणाचा दंड झाला की माय पावती जपून ठेवायची. वहिवाटीचा तेवढाच पुरावा. त्या पावत्या जोडून आम्ही पट्ट्यासाठी, म्हणजे जमीन मायच्या नावावर व्हावी म्हणून, अर्ज केला होता.

मग एका कंपनीची माणसं आली. माळावर जंगल लावू, झाडं हवेतला कार्बन शोषतील, त्याचे पैसे परदेशातून येतील, गावालाही वाटा मिळेल, म्हणाली. करार इंग्रजीत होता. वाचायला गावानं माझ्या थोरल्या भावाला बसवलं. आमच्या वस्तीतला पहिला ग्रॅज्युएट तो. विहाराच्या ओट्यावर त्यानं सगळी पानं उलटली.

"झाडं बांधावर लागतीन. वावर आपलंच राह्यते, गवत-सरपणही बंद नाही," तो म्हणाला.

मायनं सगळ्यात आधी अंगठा दिला. तिचं पाहून बाकीच्या बायांनी.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या वावरासकट सगळ्या माळाला तारेचं कुंपण घातलं गेलं. गवताचा भारा घेऊन निघालेल्या मायला चौकीदारानं अडवलं, विळा काढून घेतला. पट्ट्याचा अर्जही फेटाळला गेला. कारण विचारायला मी तहसीलात गेले, तेव्हा बाबूनं तोच करार पुढे केला. त्यानंच वाचून दाखवलं, जमीन पडीत आहे, आमच्यापैकी कोणाचीही वहिवाट नाही. खाली मायचा अंगठा.

दादा तोवर त्याच कंपनीत सुपरवायझर झाला होता, वाशीमला राहत होता. मी मायला घेऊन त्याच्या घरी गेले.

"वाचलं होतं न तुनं?" मायनं विचारलं.

"वाचलं होतं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं त तू अंगठा देल्ला असता का?"

माय पाणी न पिता उठली.

पुढच्या ग्रामसभेत, जन्मात कधी न बोललेली माय उभी राहिली. "माह्याच पोरानं फसवलं. माहा अंगठा पाहून तुमी देल्ला, मले माफ करा," एवढंच म्हणाली. आम्ही हरकत घेतली आहे. तारखा पडताहेत, कुंपण तसंच आहे.

यंदा दादाच्या मुलीचं लग्न झालं. माय गेली, नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पंगतीला न बसता निघाली. शेलूबाजारला जीप बदलताना मात्र तिनं टपरीवर भजी मागितली. उभ्या-उभ्याच खाल्ली, भराभर. सकाळपासून उपाशी होती.