काळ्या पट्ट्यांचा ऊस

माझी धाकटी जाऊ योगिनी हसते. आता हसणं म्हणजे काही रोग नाही, हसावं माणसानं. पण हिला हसू येतं ते घाबरल्यावर. लग्नात अंतरपाट धरला तेव्हा हसली, दवाखान्यात सुई टोचताना हसली, आणि चुलत सासऱ्यांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना तेव्हा तर इतकी हसली की मी तिला पदर तोंडात कोंबायला लावून उसात नेऊन उभी केली. त्यात भर म्हणजे तिचं बघून मलाही येतं. मी मोठी जाऊ, मला शोभतं का?

योगिनी वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, वडील कंपनीत फिटर. बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर टायफॉईड झाला, वर्ष हुकलं, आणि पुढच्या वर्षी पुस्तकं उघडायच्या आत आमच्या युवराज भावजींचं स्थळ गेलं. लासुर्ण्यात आली, उसाच्या घरात रुळली, मुलगी झाली, मुलगी शाळेत जायला लागली. मग एक दिवस जेवणं चालू असताना ही म्हणते, "आबा, मी बारावी करू का? सायन्स." आबा म्हणजे आमचे सासरे, गेणबा. त्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "कशाला?"

"रक्त तपासायच्या लॅबचा कोर्स करायचाय. त्याला बारावी लागती." एवढं बोलली आणि घाबरून हसली. आबांना वाटलं चेष्टा करतेय. ते म्हणाले, "कर की."

झालं. मुक्त विद्यालयात नाव घातलं आणि दर रविवारी बाई बारामतीला क्लासला निघाल्या. तिथं निहार सर म्हणून एक तरुण मास्तर होते. त्यांनी पहिल्याच रविवारी सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा दाखवला आणि आमच्या स्वयंपाकघराची शांतता गेली. मी कांदा चिरायला घेतला की ही शेजारी हजर. "ताई, जरा हळू. एका घावात लाखभर पेशी चालल्या तुमच्या." कोशिंबिरीत मीठ घातलं की वाकून बघायची. "सुटलं बघा पाणी. बाहेर खारट जास्त झालं म्हणून पेशीतलं पाणी पडद्यातनं बाहेर आलं." मी म्हटलं, बाई गं, काकडीला पाणी सुटतं हे माझ्या आजीलाही ठाऊक होतं. तर म्हणते, "पण का सुटतं?" ते मला ठाऊक नव्हतं, खोटं कशाला बोलू. आता खिरीसाठी भिजवलेले बेदाणे टम्म फुगले की कुणाचं लक्ष नाही बघून मीच वाटीत डोकावते.

पुढं तिनं आमचं अख्खं घरच पेशी करून टाकलं. आमच्या सासूबाई, कुशाबाई, ओट्यावर बसून कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेरच चहा पाजून वाटेला लावायचं ते ठरवतात, म्हणून त्या पेशीचा पडदा. आबा म्हणजे केंद्रक, सगळे हुकूम तिथनं सुटणार. मी तंतुकणिका. म्हटलं हा काय प्रकार आणि? तर म्हणे, अन्न जाळून सगळ्या पेशीला ताकद पुरवते ती. मी मनातून खूश झाले, पण तोंड वाकडंच ठेवलं. आणि रिक्तिका म्हणजे पेशीतली साठवणीची जागा, तो आमचा माळा. आबांची जळकी मोटार, फुटके डबे, कुणीतरी लग्नात दिलेलं प्लॅस्टिकचं झुंबर, सगळं तिथं.

हा माळाच तिला नडला. प्रात्यक्षिकाच्या दिवशी परीक्षकांनी तोंडी प्रश्न विचारला, "रिक्तिकेचं कार्य काय?" हिच्या डोळ्यांपुढं झुंबर आलं. ही हसली. ते म्हणाले, पाणी प्या. पाणी पिताना पुन्हा हसली आणि घोट परीक्षकांच्या शर्टावर. लेखी पेपर झकास, प्रात्यक्षिकात नापास.

आबांना हे कळलं तेव्हा ते चिडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. शांतपणे म्हणाले, "मी कर म्हटलं ते शिकायला, हसायला न्हवं. अजून एकडाव जा. ह्या खेपेला हसून नापास झालीस तर पुस्तकं बांधून माळ्यावर." योगिनी गोठ्यात जाऊन रडली. लॅबमधला पांढरा कोट घालून ती रोज आरशात बघायची, मला माहीत होतं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या खेपेला तिनं कंबर कसली. सरांनी घरी करून बघायला एक प्रयोग सांगितला होता. जास्वंदीची कुंडी दोन दिवस अंधारात ठेवायची, म्हणजे पानातला साठलेला स्टार्च संपतो. मग पानांवर काळ्या कागदाची पट्टी लावून कुंडी उन्हात आणायची. हिनं कुंडी कोठीत कोंडली, मग बाहेर काढून न्हाणीमागं ठेवली आणि चार-पाच पानांना काळ्या पट्ट्या डकवल्या. आबांना ती दिसायचा प्रश्नच नव्हता. ऊस सोडून दुसरी वनस्पती त्यांना दिसत नाही.

पण रघुनाथ तात्यांना दिसली. हे आमचे बांधाला बांध लागलेले शेजारी. आता तुम्हाला आमच्याकडची रीत सांगायला हवी. आबांच्या उसाला एकदा कारखान्याचा पहिला नंबर मिळाला, त्याचा फोटो बैठकीत आहे. तेव्हापासून आबा जे करतील ते सगळी वस्ती गुपचूप करते. आबांनी औषध फवारून रिकामी बाटली बांधावर टाकली की संध्याकाळपर्यंत कुणीतरी लेबल वाचून जातं. म्हणून आबा लेबलं खरवडून मग बाटल्या टाकतात. आणि दुसऱ्यांच्या बाटल्या स्वतः वाचून येतात. विचारायचं मात्र कुणीच कुणाला नाही, विचारलं की नाक कापलं गेलं.

तात्या सासूबाईंकडं चहाला आले, न्हाणीकडं हात धुवायला गेले, आणि पट्ट्या बघून चहा अर्धा टाकून उठले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बांधाकडच्या उसाच्या पानांवर वायरमनची काळी टेप. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पलीकडच्याच्या उसावर. कुणी टेप लावली, कुणी सायकलची जुनी ट्यूब कापून बांधली, एकानं तर छत्रीचं कापड फाडलं. आणि मग एका सकाळी आबा रानातनं लगबगीनं आले, इकडंतिकडं बघितलं आणि दबक्या आवाजात योगिनीला म्हणाले, "तुझ्याकडं काळा कागद हाय न्हवं?"

"हाय. का?"

"रघुनाथनं नवं कायतरी काढलंय. पानावर काळी पट्टी. काळ्या रंगावर ऊन जास्त गोळा हुतं, म्हंजी साखर वाढत आसंल. आपुन बी लावू. कुणाला बोलू नको."

मी शेजारीच कणीक मळत होते. मी योगिनीकडं बघितलं, बघायला नको होतं. तिचा चेहरा आधी पांढरा पडला. सांगावं तर आबांची फजिती, न सांगावं तर उसाची. ती घाबरली, आणि घाबरली म्हणजे काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहेच. खाली बसून, पोट धरून, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसली. मी कणकेच्या हातानं तोंड दाबलं, तरी माझ्याही नाकातनं आवाज आला.

कोनाड्यातला काळा कागद स्वतःच उचलून आबा तसेच उभे राहिले. "मी काय येडा दिसतो व्हय तुमाला? हस. पोटभर हस. आता परीक्षेला जायाचं न्हाय, माझा शब्द हाय." आणि कागद कापायला रानात निघून गेले.

योगिनीचं हसू तिथंच थांबलं. परीक्षा आठवड्यावर आली होती. ती म्हणाली, "ताई, संपलं माझं." तिचा आवाज ऐकून माझं डोकंच फिरलं. असली चिडले म्हणता, तशीच पीठभरल्या हातानं रानात गेले. आबा एकेका पानाला कागद चिकटवत होते, बांधापलीकडं तात्या काही न बघितल्यासारखं दाखवत उभे होते. मी दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आबा, ह्या पट्ट्या रघुनाथ तात्यांच्या न्हायत. आपल्या न्हाणीमागच्या जास्वंदीवरच्या हायत. योगिनीच्या अभ्यासाच्या. तात्यांनी तिथनं उचलल्या."

तात्यांनी खाली मान घालून ढेकूळ फोडलं. आबांनी हातातला कागद उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "मग पट्टी करती काय? दाखव म्हणावं."

संध्याकाळी अंगणात चूल मांडली. दिवसभर उन्हात तापलेलं जास्वंदीचं पट्टीवालं पान योगिनीनं खुडलं. आबा खाटेवर, तात्या बोलावलं नसताना ओट्याच्या कडेला, सासूबाई दोघांवर नजर ठेवून. तिनं पट्टी काढून पान पाण्यात उकळलं. मग जाळ विझवला, स्पिरिट असलेल्या वाटीत पान घालून ती वाटी गरम पाण्यात ठेवली. "स्पिरिट जाळावर धरायचं नसतं, पेट घेतं," असं म्हणाली, काम चोख. हळूहळू स्पिरिट हिरवं झालं आणि पान पांढरंफटक. तात्या पुढं सरकले. तिनं पान धुतलं, ताटलीत पसरलं आणि वरनं आयोडीनचे थेंब टाकले.

पान निळं-काळं होत गेलं. मधली पट्टीची जागा तेवढी फिकी, पिवळट राहिली, कुणी पट्टीनं आखल्यासारखी.

"जिथं काळं झालं तिथं स्टार्च हाय," योगिनी म्हणाली. "म्हणजे पानानं केलेलं अन्न. हवेतला वायू, मुळातलं पाणी आणि ऊन घेऊन पान साखर करतं, आणि साखरेच्या साखळ्या जोडून स्टार्च. उसाचं पान ती साखर कांड्याला धाडतं. पट्टीखाली ऊन गेलं न्हाय, तिथं काहीच झालं न्हाय."

"ऊन गोळा न्हाय व्हत?" आबांनी विचारलं.

"गरम हुतं नुसतं. पानाला उजेड पाहिजे, आबा. पट्टी उजेड आडवती."

"म्हंजी मी माझ्या हातानं ऊस उपाशी ठिवला."

"थोडा. पट्टीएवढा."

कुणी हसलं नाही. मी तर जीभ चावून धरली होती. आबा उठले, टोपी घातली आणि रानाकडं चालू लागले. त्यांच्या मागं तात्या. मी गच्चीवरनं बघितलं: बांधाच्या ह्या बाजूला आबा, त्या बाजूला तात्या, दोघं पाठमोरे, आपापल्या पट्ट्या सोलतायत. तेव्हा मात्र मी आणि योगिनी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं बसून मनसोक्त हसलो.

परीक्षेचं आबा काहीच बोलले नाहीत. त्या सकाळी मात्र गाडी काढली आणि म्हणाले, "मला बारामतीला काम हाय. कुणाला यायचं आसंल तर बसा." काम कसलं, डोंबलाचं. केंद्रावर पोचलो तर ते माझ्या शेजारी व्हरांड्यातल्या बाकावर बसूनच राहिले. योगिनी आत गेली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. मला ते लक्षण माहीत होतं. मी देवाचं नाव घेत बसले.

आतून काचेच्या बाटल्यांची किणकिण येत होती. आणि मग हसण्याचा आवाज आला. बाईमाणसाचं हसू, दाबून धरलेलं आणि मग सुटलेलं, थांबेच ना. आबांनी डोळे मिटून घेतले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "गेलं," म्हणाले. "सांगितलं हुतं मी तिला. हुशार पोरगी ओ, हुशार पोरगी." त्यांचा आवाज इतका पडलेला मी कधी ऐकला नव्हता. मला त्यांची दया आली आणि तिचा राग आला, आणि मी तरातरा खिडकीशी जाऊन आत डोकावले.

योगिनी टेबलापाशी सरळ उभी होती. हातात आयोडीनची बाटली, चेहरा गंभीर. हसत होत्या त्या परीक्षक बाई. चष्मा काढून, रुमालानं डोळे पुसत, दुसरा हात टेबलावर टेकून, "विचारलं प्रकाशसंश्लेषण, आणि ही सांगते उसाच्या पट्ट्या!" म्हणत. योगिनी त्यांचं हसू थांबायची वाट बघत होती. मग म्हणाली, "मॅडम, पुढचा प्रश्न विचारा ना." पास झाली ती, आत्ताच सांगून टाकते. मला ताणून धरायचा कंटाळा येतो.

मी पळत बाकाकडं आले. "आबा, ती न्हाय हसत. परीक्षक बाई हसत्यात. प्रकाशसंश्लेषण विचारलं, तिनं तुमच्या उसाच्या पट्ट्या सांगितल्या."

आबांनी टोपी उचलली, झटकली, पुन्हा मांडीवरच ठेवली. तेवढ्यात योगिनी बाहेर आली. तोंडावर हसू नाही. आबांपुढं उभी राहून म्हणाली, "आबा, चुकलं माझं. दुसरं काही आठवेना, म्हणून घरातलं सांगितलं."

आबांनी टोपी डोक्यावर घातली. मग अगदी गंभीरपणे विचारलं, "रघुनाथनं आधी लावल्या, ते सांगितलंस का?"

"सांगितलं."

"मग हरकत न्हाय."

योगिनीच्या गालाला खळी पडली, तिनं ओठ आत ओढले, दोन्ही हात तोंडावर दाबले. आबांनी सरकून तिला बाकावर जागा केली आणि म्हणाले, "हस पोरी. आता हस."