ब्राउनीची खरवड

रविवारला सुट्टी म्हणणाऱ्याच्या घरी ओव्हन नसावा. आठवडाभर शाळेत ओरडून घसा बसलेला असतो आणि लातूरच्या आमच्या घरी मुलींना नेमकी रविवारीच ब्राउनी हवी असते. त्यापायी मी दोन नॉनस्टिक भांडी घेतली. पहिलं गोलाईच्या बाजारातलं, पातळ. त्यात कडा करपायच्या आणि मधलं कच्चं राहायचं. दुसरं नांदेडहून आणलं, जाड बुडाचं. उपडं केलं की ब्राउनी सबंध ताटात. माझ्या स्वयंपाकघरात एवढं शहाणं दुसरं काही नव्हतं.

सासूबाईंनी दोन्ही भांड्यांची गत सारखीच केली. त्या देवणीकडच्या. काळं भांडं मांडणीवर दिसलं की घरातल्या बाईची लाज गेली, असं मानणाऱ्या. पहिल्या भांड्याचा रंग त्यांनी थोडाथोडा उतरवला होता. नांदेडच्या भांड्याला मात्र तारेची घासणी आणि राख घेऊनच बसल्या. पांढरंफटक करून माझ्यापुढे धरलं.

"किती दिसाची काजळी होती गं. हात गळून गेले."

मी मटकन खुर्चीत बसले. रागवायलाही अंगात जोर लागतो.

नवऱ्याच्या अंगात तो होता. "आई, आजपासून भांड्याला हात लावायचा न्हाई," असं बजावून तो बाहेर निघून गेला.

नजर अधू झाल्यापासून त्यांचं तांदूळ निवडणं सुटलं होतं, गुडघ्यांमुळे देवळात जाणं सुटलं होतं. भांडी तेवढी उरली होती. आता त्या चहा पिऊन झाला की कप हातात धरून विचारायच्या, "हे कुठं ठिवू?" स्वतःच्या घरात, पाहुण्यासारखं. मला ते बघवेना. एका संध्याकाळी म्हणाल्या, "मला देवणीला नेऊन सोडा. हितं माझं काय काम हाय?"

रविवारी मी त्यांना रिक्षात घालून गोलाईत नेलं. त्यांनी बोटाच्या पेराने ठोकून ठोकून अॅल्युमिनियमचं एक चौकोनी भांडं पसंत केलं. मी लोणी लावलं, तळाला कागद घातला, तरी ब्राउनी कोपऱ्यांना धरून बसली आणि काढताना मोडली. मुलींनी तोंडं वाकडी केली. एवढा खटाटोप करून हाती चुराच आला म्हणून मला रडूच यायचं बाकी होतं.

सासूबाई भांडं घेऊन मोरीपाशी बसल्या. घासायच्या आधी चमच्याने कोपरे खरवडले आणि दात नसलेल्या तोंडात तो ओलसर चुरा घोळवत राहिल्या.

"खरवड हाय की गं. दुधाच्या पातेल्यासारखी. त्या काळ्यात माझ्यासाठी काहीच उरत नव्हतं."

मग राख घेऊन त्यांनी भांडं लखलखीत केलं आणि मांडणीवर पुढेच ठेवलं. देवणीचं नाव पुन्हा निघालं नाही. मी दर रविवारी तेवढीच दमते. कोपऱ्यांना लोणी मात्र आता जरा कमीच लावते.