चौदा दिवसांचं तळं

कालव्यालगतच्या त्या गल्लीत आयली कांगसला अजूनही ‘पाणीबंद बाई’ म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तीही हसून ओ देते. गंमत अशी की घर घेण्याआधीच तिनं हे नाव कमावलं होतं.

एकतीस वर्षं ती मिनेसोटाच्या उत्तर टोकाला शाळेची बस चालवत होती. तिकडच्या रस्त्यांवर सहा महिने बर्फ. रस्ता कुठे संपतो आणि शेत कुठे सुरू होतं ते दिसत नाही, सवयीनं कळतं. तिचा नवरा आर्विड होड्या दुरुस्त करायचा. घर तळ्याकाठी. सकाळी कॉफीचा पेला घेऊन तो खिडकीशी बसायचा आणि पाण्याकडे बघत राहायचा. आज वारा कुठला, पाण्याचा रंग कसला, एवढंच मधूनमधून बोलायचा. पन्नास वर्षं लाकडाचा भुसा आणि रंगाचा वास आत घेऊन त्याची फुप्फुसं निकामी होत आली होती. त्या वर्षी डॉक्टर म्हणाले, पुढचा हिवाळा इथं काढू नका, कोरड्या हवेत जा. कोरडी हवा म्हणजे वाळवंटातलं फिनिक्स शहर. अर्धं मिनेसोटा म्हातारपणी तिकडेच जातं.

“तूच बघून ये,” आर्विड म्हणाला. “फोटोबिटो दाखवू नकोस. माझी एकच अट आहे. सकाळी खिडकीशी बसलो की पाणी दिसलं पाहिजे.”

“वाळवंटात?”

“मग मी इथंच बरा. मला काय, एक हिवाळा पुरेल.”

हे तो हसत म्हणाला. पण आयलीनं आरशात बघून मागच्या बाकावरची भांडणं ओळखण्यात जन्म घालवला होता. आर्विड हसताना तिच्याकडे बघत नव्हता, एवढं तिला दिसलं.

मे महिन्याच्या मध्यावर ती पाच दिवसांसाठी फिनिक्सला आली. घरं दाखवायला योलांडा ब्राकामोंटे नावाची चटपटीत बाई होती. जन्मानं इथलीच. येणारी माणसं काय विचारतात हे तिला पाठ होतं. दुकान किती लांब, दवाखाना किती लांब, उन्हाळ्यात विजेचं बिल किती. आयलीनं यातलं काहीच विचारलं नाही.

“इथं सकाळी सहाला कोण दिसतं?” तिनं विचारलं.

“म्हणजे?”

“म्हणजे मला वस्ती सकाळी सहाला दाखव. शाळेच्या बसच्या वेळेला. वस्ती कशी आहे ते तिच्या थांब्यावर कळतं. पोराला सोडायला कोण येतं, कोण खिडकीतूनच हात करतं, शेजारच्याचं पोर कोण धरून ठेवतं.”

“मिसेस कांगस, माझी गिऱ्हाइकं दहाला उठतात हो!”

“मग त्यांना चुकीची घरं मिळत असतील.”

योलांडा कुरकुरली, पण उठली. दोघी पहाटे निघायच्या. शहराच्या कडेला नव्या वस्त्या वाळूच्याच रंगाच्या, एकीच्या पोटातून दुसरी निघाल्यासारख्या. छपरं सारखी, वळणं सारखी, दाराशी तीन निवडुंग तेही सारखे. सहा वाजले की गॅरेजचं दार वर जायचं, गाडी अलगद बाहेर सरकायची, दार खाली यायचं. पुन्हा शांतता. अख्ख्या गल्लीत माणसाचा हात म्हणून दिसायचा नाही.

“इथं माणसं राहतात की गाड्या?” आयली म्हणाली.

“उन्हाळ्यात गाड्याच. माणसं आत थिजवून ठेवलेली असतात.”

पाणी हवं म्हटल्यावर योलांडानं पोहण्याच्या हौदांची घरं दाखवली. आयली प्रत्येक हौदाच्या कडेला वाकून बघायची. निळ्या फरशीवर निळं पाणी, वारा आला तरी दचकायचं नाही. तिसऱ्या दिवशी तळ्याकाठचं घर आलं. तळं खरंच मोठं होतं, खिडकीतून पूर्ण दिसत होतं. काठावर पाटी: पाण्यात उतरू नये, मासे धरू नयेत, बदकांना खाऊ घालू नये.

“पाणी येतं कुठून?” आयलीनं विचारलं.

“नळाचं असतं. रंग मिसळतात. म्हणून असं छान दिसतं.”

आयलीनं पाटी पुन्हा वाचली. अट तर पुरी होत होती. आर्विड खिडकीशी बसेल, पाणी दिसेल. आणि पहिल्याच सकाळी तो म्हणेल, आज रंग कसला मिसळलाय?

त्या दुपारी हॉटेलच्या खोलीत पडदे ओढून पडल्या पडल्या तिचा डोळा लागला. स्वप्नात ती बस चालवत होती. वाळूच्या रंगाची गल्ली, तिच्यामागून तशीच दुसरी, मग तिसरी. मागच्या बाकावर आर्विड एकटा, मांडीवर जेवणाचा डबा धरून, शहाण्या मुलासारखा. त्याला कुठं उतरवायचं ते तिला आठवत नव्हतं. तो विचारतही नव्हता. तिला एवढंच कळत होतं, की थांबा आला नाही तर तो कधीच काही बोलणार नाही, नुसता बसून राहील. ती जागी झाली तेव्हा उशी ओली होती आणि बाहेर अडतीस अंशांचं ऊन पांढरं होऊन उभं होतं.

चौथ्या दिवशी तिनं योलांडाला झोपू दिलं. भाड्याची गाडी घेऊन ती एकटीच बाहेर पडली. कुठं जायचं ते ठरलेलं नव्हतं. सिग्नलला पुढे शाळेची पिवळी बस उभी होती. दिवा हिरवा झाला आणि बस निघाली, तशी आयलीही मागोमाग निघाली. विचार असा काही केला नाही. बस दिसली की तिचे हात आपोआप सुकाणू वळवतात.

बस कालव्याच्या कडेनं गेली, एका जुन्या वस्तीत वळली, आणि आयलीला वाटलं हवाच बदलली. तिनं काच खाली केली. ओल्या मातीचा वास! ठेंगणी विटांची घरं, वर उंच जुनी झाडं, त्यांची सावली रस्त्यावर सांडलेली. एका घरासमोर विक्रीची पाटी होती. आणि त्याच्या शेजारच्या घराचं अख्खं अंगण पाण्याखाली होतं.

घोटाभर पाणी. त्यात संत्र्याची झाडं शांतपणे उभी. झाडांखाली दुसरी झाडं उलटी उभी, आणि त्यांच्या बुंध्याशी गुलाबी आभाळ. दोन पारवे पाण्याच्या कडेनं चालत होते. बस पुढे निघून गेली तरी आयलीची गाडी तिथंच थांबून राहिली. क्षणभर तिला खरंच कळेना की आपण कुठं आहोत.

मग तिच्यातली बसवाली जागी झाली. पाइप फुटला! वाळवंटात, एवढं पाणी, आणि घरात कुणाला पत्ताच नाही! तिनं दार वाजवलं. आतून रेडिओचा आवाज येत होता, माणूस येईना. तेवढ्यात अंगणाच्या कोपऱ्यात सिमेंटच्या पाइपच्या तोंडावर बसवलेलं लोखंडी चाक तिला दिसलं. त्याच्याखालून पाणी उसळत होतं. बूट न काढता ती पाण्यात शिरली आणि सगळा जोर लावून तिनं चाक फिरवलं. पाणी थांबलं. कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली. कुणाचं तरी घर वाचवल्याचं समाधान तिच्या तोंडावर होतं.

ते समाधान दहाएक मिनिटं टिकलं. मागच्या बोळातून आधी गुडगुड ऐकू आली, मग ओरडा. दार उघडून ऐंशीच्या घरातला एक उंच म्हातारा धावत आला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, एका हातात फावडं, दुसऱ्या हातात लोणी लावलेला पाव.

“कुणी बंद केलं?”

“मी,” आयली म्हणाली. “तुमचा पाइप फुटला होता.”

“पाइप? अहो बाई, माझी पाळी आहे ती! कालव्याच्या पाण्याची पाळी! चौदा दिवसांनी एकदा येते!”

म्हाताऱ्याचं नाव डेल्मर शमवे. चाक उघडेपर्यंत तुंबलेलं पाणी कालव्याच्या बाजूच्या घरातल्या तशाच पाइपच्या तोंडातून उसळून बोळात गेलं होतं आणि बोळातून रस्त्यावर. बस फेरा मारून परत आली ती त्या पाण्यातूनच, दोन्ही बाजूंना पंखे उडवत. पोरं खिडक्यांतून आनंदानं किंचाळली. त्यांच्या जन्मात शाळेची सुरुवात इतकी चांगली झाली नसावी.

“सोळा मिनिटं गेली,” डेल्मर घड्याळाकडे बघत म्हणाला. “मागची झाडं कोरडी राहिली. आता जूनपर्यंत आभाळाकडे बघत बसायचं त्यांनी.”

 आयलीच्या बुटांत पाणी भरलं होतं. शेजारून घरातल्या झग्यावरच एक बाई आली. ग्रासिएला तिचं नाव. डेल्मरनंतरची पाळी तिची.

“काय झालं रे? रस्त्यावर कालवा कुणी आणला?”

“या पाणीबंद बाईंनी.”

ग्रासिएलानं आयलीला वरून खालपर्यंत न्याहाळलं. ओले बूट, थंडीच्या देशातला गोरा चेहरा, डोळ्यांत पाणी. “कुठली गं तू?”

“मिनेसोटा.”

“हां. मग बरोबर. तिकडे पाणी बंद करायला शिकवतात, इकडे उघडायला.” मग डेल्मरकडे वळून ती म्हणाली, “माझ्यातली दहा मिनिटं घे. माझं गवत काही मरत नाही.”

“तुझं गवत गेल्या वर्षीच मेलंय.”

“म्हणूनच म्हणते घे! आणि आधी तो पाव खा, पाण्यात पडेल.”

एवढंच. आभार नाहीत, काही नाही. डेल्मरनं बांधाचा कोपरा फावड्यानं उकरला आणि पाणी मागच्या झाडांकडे वळलं. आयली बघत राहिली. बसच्या थांब्यावर शेजारणीचं पोर न सांगता धरून ठेवणारी बाई तिनं हजारदा पाहिली होती. हे तेच होतं.

“हे पाणी किती दिवस राहतं?” तिनं हळूच विचारलं.

“दिवस?” डेल्मर म्हणाला. “दुपारपर्यंत जिरतं.”

गाडीत बसून तिनं आर्विडला फोन लावला. शेजारचं विकाऊ घर समोर होतं. स्वयंपाकघराची खिडकी अंगणाकडे उघडत होती आणि त्याच्याही कोपऱ्यात तसंच चाक होतं. खोटं बोलणं सोपं होतं. पण आर्विडशी ती बेचाळीस वर्षांत दोनदाच खोटं बोलली होती आणि दोन्ही वेळा पकडली गेली होती.

“आर्विड, एक तळं मिळालंय. रोज दिसेल. पण रंगवलेलं आहे.”

“आणि?”

“आणि एक घर आहे. तिथं पाणी येतं, खरं, नदीचं. झाडं उलटी दिसतात त्यात. पण रोज नाही. चौदा दिवसांनी एकदा. एक सकाळ.”

पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता, भोक पडलेल्या भात्यासारखा.

“बाकीचे तेरा दिवस काय करायचं?”

“वाट बघायची,” आयली म्हणाली. “तुझी अट पुरी होत नाही, मला माहीत आहे.”

तो खोकला. मग म्हणाला, “आपलं तळं पाच महिने बर्फाखाली असतं गं. तेव्हा मी खिडकीशी बसून काय करायचो?”

तिला उत्तर माहीत होतं.

“पाणी कसल्या रंगाचं आहे?” त्यानं विचारलं.

आयलीनं काचेतून बघितलं. “चहात दूध जरा जास्त झाल्यासारखं. वर गुलाबी.”

“घे मग ते घर.”

योलांडाला कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. “नऊ घरं दाखवली, मिसेस कांगस, नऊ! आणि तुम्ही घेतलंत कुठलं, तर जिथं तुम्ही बोलणी खाल्लीत ते! माझी आई दोन गल्ल्या पलीकडे राहते, म्हाताऱ्या घरांची वस्ती म्हणून मी तुम्हाला आणलंच नव्हतं.”

“तुझी आई सकाळी सहाला काय करते?”

“बूट घालून अंगणात उभी असते,” ती म्हणाली आणि स्वतःशीच हसली.

ऑक्टोबरच्या शेवटी आर्विड आला. प्रवासानं खंगलेला, नाकाशी नळी. पहिले पाच दिवस त्यानं कोरड्या अंगणाकडे बघत कॉफी घेतली. सहाव्या दिवशी उजाडताना पाळी होती. डेल्मर बांधाशी येऊन उभा राहिला, नव्या माणसाला दारं धरायला, म्हणजे बांध फोडून पाणी वळवायला, शिकवायचं म्हणून, आणि ग्रासिएला नुसतीच मजा बघायला. “बाई, आज उघडायचं हं! उघडायचं!” डेल्मर ओरडला.

आयली चाकाला हात लावून थांबली. खिडकीत आर्विड बसला होता. बस सुटण्याआधी ती आरशात बघायची, सगळी पोरं बसली का, तसं तिनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं काचेवर हात टेकवला, घरी जाणाऱ्या मुलासारखा.

तिनं चाक फिरवलं.