उजवी दाढ, खालची

नाव : तुळशीराम किसन आखाडे. वय : वर्षे त्रेसष्ट. राहणार : डोणगावपासून सहा किलोमीटर आत, तालुका मेहकर, जिल्हा बुलडाणा. व्यवसाय : शेती. उंची मध्यम, बांधा सडपातळ, रंग उन्हाच्या मर्जीवर. ओळखीची खूण : उजव्या बाजूची खालची दाढ, शेवटून दुसरी. सदर दाढ परिसरात धान्यातील ओलावा मोजण्याचे साधन म्हणून सुमारे चाळीस वर्षांपासून वापरात असून तिचा निकाल शेतकरी व अडते या दोन्ही पक्षांवर बंधनकारक समजण्यात येतो. साधनाची तपासणी आजवर झालेली नाही. तशी गरज कोणास भासली नाही.

हे कुठल्या दप्तरात लिहिलेलं नाही, पण डोणगावात विचारलं तर साधारण याच क्रमाने सांगतात. आधी नाव, मग दाढ.

दाणा दाताखाली धरून पाहणं ही काही एकट्या तुळशीरामभाऊंची विद्या नव्हे. सोयाबीन पिकवणारा प्रत्येक माणूस ते करतो. वाळलेला दाणा कटकन फुटून दोन डाळी होतात, ओला नुसताच दबतो. फरक एवढाच, की बाकीच्यांना 'ओलं' आणि 'वाळलं' एवढंच कळायचं. तुळशीरामभाऊंना आकडा कळायचा. बारा टक्क्यांच्या वर ओल निघाली की अडत्या वजनात घट धरतो, शेतकरी हुज्जत घालतो, आणि दोघांचेही आवाज रस्त्यापर्यंत गेले की तिसरा कोणीतरी म्हणतो, "बोलवा आखाड्यांले."

मग तुळशीरामभाऊ येत. घाई नाही. शर्टाची बाही दुमडायची, पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, आणि लोणारच्या रस्त्याकडे बघत जरा वेळ तसंच उभं राहायचं. मग तळातला एकच दाणा काढून, फुंकर मारून उजवीकडे ठेवायचा. डोळे मिटायचे. कट्. "साडेअकरा." त्यावर अपील नव्हतं. मोबदला एक कप चहा, तोही बसून.

या माणसाने आयुष्यात दुसरं काही मिळवलेलं नव्हतं. ते कधी सरपंच झाले नाहीत, सोसायटीत कोणी त्यांना उभं केलं नाही, आणि घरात तर टीव्हीवर काय लागेल हेही पत्नी रुक्मिणीबाईच ठरवायच्या. पण हंगामात डोणगावच्या रस्त्यावर त्यांना पाहून माणसं मोटरसायकल हळू करत. जे काही होतं ते त्या दाढेवर उभं होतं.

आणि त्या दाढेचा बेदाण्याने घात केला.

झालं असं, की चंद्रशेखर अडत्याने आपल्या खरेदीच्या शेडवर ओलावा मोजायचं नवं डिजिटल मशीन आणलं. आणलं म्हणून सत्यनारायण घातला. चौरंगाशेजारी मशीन ठेवलं, बटणावर हळद-कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या, आणि पहिलं बटण दाबायला तुळशीरामभाऊंना बोलावलं. म्हणजे जुन्या साधनाच्या हस्ते नव्या साधनाचं उद्घाटन. तुळशीरामभाऊंनी बटण दाबलं, टाळ्या घेतल्या, आणि प्रसादाचा शिरा तोंडात घातला. शिऱ्यात बेदाणा होता. चाळीस वर्षं तूर, हरभरा, करडई आणि सोयाबीन फोडलेल्या दाढेचा कोपरा त्या बेदाण्यावर तुटला.

तुकडा जिभेवर होता. थुंकावा, तर प्रसाद. समोर चंद्रशेखर हात जोडून उभा. तुळशीरामभाऊंनी गिळला.

"कसा झाला शिरा?" चंद्रशेखरने विचारलं.

"खुसखुशीत," तुळशीरामभाऊ म्हणाले.

पुढचा प्रश्न होता हे लपवायचं कसं. सुदैवाने त्याच दिवशी नवरात्राचे घट बसले होते. तुळशीरामभाऊंनी दुसऱ्या दिवसापासून, जन्मात पहिल्यांदा, नवरात्राचे उपास धरले. शेडवर बोलावणं आलं की सांगायचे, "उपास हाये, बाप्पा. दाना तोंडात धरता येत नाई." बिनतोड. दसरा झाला, सोयाबीन शेडवर उतरू लागलं, आणि दुसऱ्याच दिवशी एकादशी आली. नंतर सोमवार. नंतर गुरुवार. शनिवार मारुतीचा. मंगळवारचं त्यांना ऐनवेळी सुचलं.

पंधरा दिवसांत त्यांची दाढ गेल्याची नाही, पण त्यांना वैराग्य आल्याची बातमी पसरली. चंद्रशेखर त्यांना पाहून केळी मागवू लागला. दुसरबीडचा एक ओळखीचा माणूस शेडवर भेटला, तो पाया पडला आणि पोरीच्या लग्नाचं कधी जमेल म्हणून विचारू लागला. इकडे शेडमध्ये मशीन आकडे सांगत होतं आणि माणसं ते ऐकायला शिकत होती. तुळशीरामभाऊंना ठणक्यापेक्षा ते जास्त लागत होतं.

घरात मात्र वैराग्य चाललं नाही. रुक्मिणीबाईंनी चार दिवस भाकर वरणात कुस्करून खाताना पाहिलं, पाचव्या दिवशी समोर बसल्या.

"आ करा."

"काऊन?"

"करा म्हनते ना."

त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावून आत पाहिलं आणि टॉर्च बंद केला. "हे खिंडार किती दिसाचं हाये?"

"सत्यनारायनाचं."

"अन् मी साऱ्या गल्लीत सांगून राह्यली, का आमचे हे सुधरले."

दुसऱ्या दिवशी मेहकर. मोबाइलच्या दुकानावर डॉक्टर समीक्षाचा दवाखाना होता. तिशीतली मुलगी, बाप चिखलीकडे मास्तर. बोलणं शहरातलं, पण हसली की वऱ्हाडातली. तिने एक्स-रे काढून पडद्यावर दाखवला.

"काका, दाढ त्या दिवशी नाही तुटली. आधीपासून चिरलेली होती. बेदाणा फक्त हजर होता."

तुळशीरामभाऊंना तेवढंच बरं वाटलं.

"कीड मुळापर्यंत गेली आहे. रूट कॅनल करू, म्हणजे आतली नस काढून टाकायची, आणि वरून कॅप बसवू."

"नस काढली तं मंग तिले समजन कसं?"

"तेच तर, काका. समजणारच नाही. दुखणं संपलं."

"दुखन्याचं नाई म्हनत मी. ओलीचं."

पुढची दहा मिनिटं डॉक्टरांनी ओल म्हणजे काय, अडत म्हणजे काय आणि साडेअकरा म्हणजे काय हे समजून घेण्यात घालवली. बाहेर दोन पेशंट गाल धरून बसले होते. रुक्मिणीबाई छताकडे बघत होत्या.

"असं आहे होय," शेवटी समीक्षा म्हणाली. "ऐका. किती दाब पडला हे दाढेच्या आतल्या नसेला नाही कळत. मुळाभोवती एक पातळ पदर असतो, त्याला कळतं. तो आपण काढत नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

तीन खेपांत नस निघाली. चौथ्या खेपेला दाढ चारी बाजूंनी घासून तिचं माप घेतलं. ती घासलेली दाढ तुळशीरामभाऊंनी आरशात पाहिली. पाटी काढून नेलेल्या दुकानासारखी ती दिसत होती. वरून तात्पुरती टोपी चिकटवली होती. आठवड्याने पक्की कॅप आली, पांढरी, चकचकीत, बाकीच्या दातांना लाज आणणारी. समीक्षाने ती नुसती वर ठेवली, निळा कागद मध्ये धरला आणि म्हणाली, "चावा. उंच लागते का?"

"लागते."

"जास्त की थोडी?"

तुळशीरामभाऊंनी खिशात हात घातला, काहीतरी चटकन तोंडात टाकलं. कट्.

"काका! काय आहे ते?"

"घरचं सोयाबीन. अकराचं हाये. हे साडेबारा सांगून राह्यली."

समीक्षाने मास्क खाली ओढला, रुक्मिणीबाईंकडे पाहिलं. रुक्मिणीबाई म्हणाल्या, "मी झडती घ्याले पायजे होती."

कॅप घासली. तिने मान दुसरीकडे वळवताच पुन्हा कट्. "पावनेबारा." पुन्हा घासली. तिसऱ्यांदा तुळशीरामभाऊंनी डोळे मिटले, बराच वेळ मिटून ठेवले. "अकरा. बसवा."

तिने बसवली. मग हात धुऊन समोर येऊन उभी राहिली, आणि तिच्या आवाजातलं हसू गेलं होतं. "काका, आता या दाढेने कडक काही फोडायचं नाही. सुपारी नाही, फुटाणे नाहीत, आणि ते खिशातलं तर मुळीच नाही. कॅपच्या आतली दाढ आधीच कमजोर आहे. ती उभी चिरली तर मला काढूनच टाकावी लागेल."

"मंग बसवली कायले?"

"जेवायला, काका."

हा उपयोग तुळशीरामभाऊंच्या कधी लक्षात आला नव्हता.

आता शेडवर बोलावलं तर काय करायचं, याचं उत्तर काढायला त्यांना आठ दिवस मिळाले. नवव्या दिवशी, बुधवारी, बोलावणं आलं. बुधवारी कोणत्याच देवाचा उपास त्यांनी सांगून ठेवलेला नव्हता. रुक्मिणीबाई ऑटोत शेजारी चढून बसल्या.

"तू कुठी?"

"दाढेसंगं."

शेडवर पन्नासेक माणसं जमली होती. अविनाश नावाचा तरणा शेतकरी आपल्या पोत्यांवर चढून उभा होता.

"चवदा? चार दिस पटांगनात वाळवलं मी! चवदा म्हंजे काय घागर ओतली काय मी त्याच्यात?"

"मी सांगून राह्यलो का, बे?" चंद्रशेखर मशीनवर हात ठेवून म्हणाला. "हे सांगून राह्यलं. याले ना तू सोयरा, ना मी."

"मंग आखाड्यांले सांगू द्या! का त्याहिनं आता अन्नच सोडलं?"

सगळे हसले आणि सगळे वळले. तुळशीरामभाऊंच्या लक्षात आलं, की आज तोंड उघडलं नाही तर पुन्हा कोणी बोलवणार नाही. बाही दुमडली. हात पोत्यात गेला, कोपरापर्यंत. लोणारचा रस्ता जागच्या जागी होता. तळातला दाणा काढला, फुंकर मारली, उजवीकडे ठेवला.

गर्दीच्या पहिल्या रांगेत रुक्मिणीबाई उभ्या होत्या. त्यांनी नुसता पदर खोचला. चाळीस वर्षांच्या संसारात पदर खोचल्यानंतर काय होतं हे तुळशीरामभाऊंना दाण्यातल्या ओलीइतकंच नेमकं ठाऊक होतं. त्यांनी डोळे मिटले, आणि ओठ मिटलेले असताना जिभेने तो दाणा हळूच उजवीकडून डावीकडे ढकलला. त्या बाजूने त्यांनी जन्मात कधी आकडा सांगितला नव्हता.

कट्.

"बारा," ते म्हणाले, आणि आकडा आपल्या तोंडून निघालेला ऐकून स्वतःच दचकले.

"बारा कसे? हे चवदा सांगून राह्यलं ना!" चंद्रशेखरने मशीन उचललं, उलटं करून ठोकलं. दाणे टाकायच्या खाचेतून तीन अक्षता पडल्या, मागोमाग कुंकवाचा खडा. सत्यनारायणापासून त्या आतच होत्या. चंद्रशेखरने खाच धोतराच्या सोग्याने पुसली, अविनाशचे दाणे पुन्हा टाकले. बारा पूर्णांक एक.

"पूर्नांक एक कुठी गेला, भाऊ?" मागून कोणीतरी ओरडलं.

"तो मशीनचा," तुळशीरामभाऊ म्हणाले. "मी ठोक सांगतो."

मग आरोळ्या झाल्या, चहा आला, आणि कॅप बघायला लोकांची रांग लागली. तुळशीरामभाऊंनी अकरा जणांना आ करून दाखवली. "चिनी मातीची हाये, म्हनून ओल धरत नाई," असं एकाने बाकीच्यांना समजावून सांगितलं. पुढच्या आठवड्यात डोणगावकडचे तिघेजण आपापल्या धडधाकट दाढा घेऊन मेहकरला डॉक्टर समीक्षाकडे गेले, आखाड्यांसारखी कॅप बसवून द्या म्हणून. तिने तिघांनाही परत पाठवलं. त्यातला एक अजून रागावलेला आहे.

ऑटोत घरी येताना तुळशीरामभाऊ म्हणाले, "डावी बी सांगते."

"डावी-उजवी काई नाई सांगत," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "तुमचा हात पोत्यात गेला, तवाच तुमचं तोंड बारा म्हनाचं झालतं. दात तं आवाजापुरता."

"हे कोनाले सांगू नको."

"मी काऊन सांगू? घरात भाकर खाता आता सरळ, मले तेवढं पुरे हाये."

चंद्रशेखरने दिवाळीनंतर शेडवर रंगवलेला फलक लावला. तो आजही आहे. 'धान्यातील ओलावा तपासणी. साधने : (१) डिजिटल मशीन. (२) श्री. तुळशीराम किसन आखाडे यांची दाढ, उजवी, खालची, कॅपसहित. मतभेद झाल्यास साधन क्रमांक २ चा निकाल अंतिम राहील.'

ते दाणा डावीकडे फोडतात.